पंप गेला, पेट्रोल राहिले

गेल्या वर्षी मे महिन्यात अब्बांचा फोन आला. "मशिदीच्या बोअरच्या पाण्याला घासलेटसारखा वास येतोय. तू इंजिनियर ना, जरा येऊन बघ." मी इंजिनियर आहे, पण सॉफ्टवेअरचा. पुण्यात बसून बिलिंगच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणे हे माझे काम. माती, पाणी, बोअर यांच्याशी माझा संबंध बारावीच्या केमिस्ट्रीबरोबर संपला होता. पण घरच्यांच्या लेखी इंजिनियर म्हणजे इंजिनियर. शुक्रवारी रात्रीची एसटी पकडली आणि सकाळी मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी उतरलो.

वास पहिल्यांदा लक्षात आला तो वजू करणाऱ्यांच्या, आणि ते साहजिकच होते. वजू करताना नाकात पाणी घ्यावे लागते. बादलीभर पाण्यात जे जाणवत नाही, ते नाकाशी आलेल्या ओंजळीत जाणवते. कमिटीने वरची टाकी घासून घेतली, टीसीएल पावडर टाकली. मोटारीचे ऑइल गळत असेल म्हणून मोटार काढून तपासली. वास जाईना. मग समोरच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्यांनी सांगितले की त्यांच्या बोअरलाही मार्चपासून तसाच वास येतोय. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने ते गप्प होते.

मशीद आणि लाँड्री यांच्या मधोमध एक मोठा प्लॉट आहे. आज त्याला पत्र्याचे कुंपण आहे, आत पायासाठी खोदलेला खड्डा आहे आणि दर्शनी भागात पाच मजली इमारतीचे रंगीत चित्र आहे. खाली दुकाने, वर फ्लॅट. माझ्या लहानपणी तिथे पेट्रोल पंप होता. अब्बांच्या स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभा राहून मी तिथे कितीदा तरी गेलो आहे. पुढे गावाला बायपास झाला, गाड्या तिकडून जाऊ लागल्या आणि १५ वर्षांपूर्वी पंप बंद पडला. छत उतरवले, मशीन गेल्या, जमीन विकली गेली. गाव ते विसरूनही गेले. जमीन मात्र विसरली नसावी, असा संशय मला त्या सकाळी आला.

त्यानंतरच्या काही महिन्यांत जे वाचले, विचारले आणि पाहिले, त्यावरून माझे मत ठाम झाले आहे. ते आधीच सांगतो. पेट्रोल पंप उघडताना आपल्याकडे कागदांचा ढीग लागतो. तो बंद होताना मात्र जमिनीत काय मागे राहिले, हे विचारणारे कुणी नसते. हे बदलले पाहिजे. जिथे जमिनीखाली इंधनाची टाकी होती, त्या जागेवर माती आणि भूजल तपासल्याशिवाय आणि तो अहवाल लोकांसमोर ठेवल्याशिवाय बांधकामाची परवानगी मिळता कामा नये.

सेकंदाला एक थेंब

पंपावर आपल्याला दिसते ते फक्त मशीन. खरा साठा पायाखाली असतो. हजारो लिटरच्या पोलादी टाक्या आणि त्यांना मशीनशी जोडणारे पाइप. पोलाद ओल्या जमिनीत गंजते. पाइपांचे सांधे सैल होतात. टँकर खाली करताना दरवेळी थोडे सांडते. मोठा स्फोट, आग असे काही घडत नाही, म्हणून बातमी होत नाही.

हिशेब करून पाहा. एका सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळतो असे समजू. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला चार लिटरहून जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरहून जास्त इंधन जमिनीत जाते. पंपचालकाला ते कळणार कसे? टाकीतला साठा डिप रॉडने मोजतात. २० हजार लिटरच्या आडव्या टाकीत, ती अर्धी भरलेली असताना, रॉडवरचा एक मिलिमीटर म्हणजे साधारण १० लिटर. रोजचे चार लिटर त्या मिलिमीटरच्या आतच लपून जातात. उन्हाळ्यात उडाले, टँकरमध्ये कमी आले, असे म्हणून वहीत घट लिहिली जाते.

जमिनीत उतरलेले पेट्रोल काही मातीच्या कणांना चिकटते, काहीची वाफ होते आणि उरलेले खाली झिरपत पाण्याच्या पातळीपर्यंत जाते. पाण्याहून हलके असल्याने ते तिथे तरंगते. पाऊसकाळात पातळी वर आली की तो थर वर येतो, उन्हाळ्यात खाली जातो आणि जाता-येता आजूबाजूची माती माखत राहतो. त्यातले बेंझिन, टोल्यूइन, झायलिन असे घटक हळूहळू पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर पुढे सरकतात.

यातले बेंझिन सर्वांत धोक्याचे. त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्रात सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. आजच्या पेट्रोलमध्ये आकारमानाने एक टक्क्यापर्यंत बेंझिन चालते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. तेवढे बेंझिन पाण्यात पूर्ण विरघळले तर ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन टेकवते. दहा हजार लिटरचे ८८ टँकर. एका लिटर पेट्रोलमुळे! जुन्या काळच्या पेट्रोलमध्ये बेंझिनचे प्रमाण याहून जास्त असायचे. शिवाय त्यात शिसे असायचे. देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले ते २००० च्या फेब्रुवारीत. त्याआधीच्या गळतीतले शिसे मातीत तसेच पडून राहू शकते.

मला कुणाला घाबरवायचे नाही. मातीतले जिवाणू पेट्रोल खातात, ऑक्सिजन मिळाला तर चांगलेच खातात. अनेक ठिकाणी गळती थोड्या अंतरावर थांबते आणि काही वर्षांत विरते. प्रत्येक जुना पंप म्हणजे विषाची विहीर असे मुळीच नाही. पण कुठला आहे आणि कुठला नाही, हे अंदाजाने ठरत नाही, तपासूनच ठरते. नाकाच्या भरवशावरही राहता येत नाही. पाण्याचा रंग, वास, चव बदलली का हे पाहण्याची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि तिने आम्हाला पहिली सूचना दिली, हे खरेच. पण बेंझिनचा वास नाकाला कळेपर्यंत त्याने मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. वास येत नाही म्हणून पाणी चांगले, असे म्हणता येत नाही.

शोध कसा घेतात

माझा पहिला प्रयत्न हसण्यासारखा होता. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली धुतली, बोअरचे पाणी अर्धी बाटली भरले आणि रात्रीच्या एसटीने पुण्याला नेऊन लॅबमध्ये दिले. 'पिण्याचे पाणी' नावाचे पॅकेज घेतले. टीडीएस, कडकपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, जिवाणू. अहवाल आला: पिण्यास योग्य. कमिटीत मिठाई वाटायचीच बाकी होती.

लॅबमधल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन समजावले. "तुम्ही जे शोधताय ते या पॅकेजमध्ये नाहीच. आणि असतं तरी सापडलं नसतं. ते वाटेतच उडून गेलं." उडणाऱ्या घटकांसाठी काचेची ४० मिलिलिटरची छोटी कुपी लागते. ती काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडाही राहता कामा नये. लगेच बर्फात ठेवायची आणि लवकरात लवकर लॅबमध्ये पोहोचवायची. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफवर एकेक घटक वेगळा मोजतात. दुसऱ्यांदा तसे केले. बेंझिन सापडले, मर्यादेच्या वर.

एक नमुना म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळते. रीतसर तपास दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा कागदांचा आणि माणसांचा: टाक्या किती, कुठे, कधी पुरल्या, पाइप कुठून गेले, साठ्याच्या वहीत घट किती दिसते, पंप बंद होताना टाक्या काढल्या की वाळू भरून तिथेच सोडल्या. कागद नसतील तर जमिनीत रडार सोडून किंवा चुंबकीय मोजणी करून पुरलेले पोलाद शोधता येते.

दुसरा टप्पा खोदण्याचा. टाकीचा खड्डा, पाइपांचा मार्ग, मशीनचा ओटा आणि टँकर खाली करायची जागा, या चार ठिकाणांभोवती बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीची माती काढतात. हातात धरायच्या यंत्राने तिच्यातल्या वाफा जागेवरच मोजतात आणि संशयित नमुने लॅबला जातात. मग निरीक्षण विहिरी घेतात, किमान तीन, कारण पाणी कुठल्या दिशेने वाहते हे तीन बिंदूंशिवाय ठरत नाही. या विहिरींची जाळी पाण्याच्या पातळीच्या वर-खाली पसरलेली हवी, नाहीतर वर तरंगणारे पेट्रोल निसटते. एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर मोजावे लागते. जागेवर घरे होणार असतील तर मातीतल्या हवेचेही नमुने घेतात, कारण वाफा फरशीच्या फटींतून खोल्यांत शिरतात.

आपल्याकडे यात एक भर पडते. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. वाळूच्या प्रदेशात पाणी एकसारखे पसरते. आपल्या खडकात ते मुरमातून आणि भेगांतून धावते. त्यामुळे प्लॉटला खेटून असलेला बोअर कोरा निघेल आणि दोन गल्ल्या पलीकडचा बाधित असेल, असे होऊ शकते. शेजारच्या बोअरचे पाणी चांगले लागते, एवढ्यावर निकाल देणे आपल्या जमिनीत तर अजिबात चालत नाही.

वहीत नाही ते चाचांच्या डोक्यात

पहिल्या टप्प्यासाठी मी माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकले. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. एका कार्यालयाने अर्ज दुसरीकडे पाठवला, दुसऱ्याने तिसरीकडे. शेवटी एका ओळीचे उत्तर आले: सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर आढळून येत नाही. नव्या इमारतीची परवानगी मात्र अभिलेखावर होती. तिच्या अटी मी दोनदा वाचल्या. पार्किंग आहे, पावसाचे पाणी मुरवणे आहे, झाडे आहेत. जागेवर आधी काय होते, याचा शब्द नाही. म्हणजे त्याच जमिनीत पावसाचे पाणी मुरवण्याची अट आहे आणि ते पाणी कशातून मुरणार, हे कुणी विचारलेले नाही.

माहिती मिळाली ती पंपावर २२ वर्षे काम केलेल्या एका चाचांकडून. त्यांनी काठीने जमिनीवर नकाशाच काढून दाखवला. "टाक्या तीन. दोन पेट्रोलच्या, एक डिझेलची. बंद झाल्यावर क्रेन आली, दोन काढल्या. तिसरी निघेना, ती राहिली." मग सहज म्हणाले, "त्या टाकीत पावसाळ्यात पाणी यायचं. डिपला पेस्ट लावली की खालचा रंग बदलायचा. मग आम्ही पाणी उपसायचो."

डिप रॉडच्या टोकाला लावायची ती पेस्ट टाकीच्या तळाशी पाणी असले की रंग बदलते. दरवर्षी पावसाळ्यात टाकीत पाणी येत असेल, तर वरच्या झाकणातून ते शिरत असेल किंवा टाकीला छिद्र असेल. छिद्र असेल तर जमिनीतले पाणी वर असताना ते आत येणार आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले की त्याच छिद्रातून इंधन बाहेर जाणार. चाचांनी हे कधी लपवले नव्हते. त्यांना कुणी विचारलेच नव्हते. अशी माणसे आता सत्तरीत आहेत. ती गेली की ही माहितीही जाईल.

इतरांनी काय केले

अमेरिकेत हा प्रश्न १९८० च्या दशकात मोठा झाला. १९८४ मध्ये तिथल्या संसदेने भूमिगत टाक्यांसाठी वेगळा कायदा केला. १९८६ मध्ये सफाईसाठी निधी उभा राहिला, त्याचा पैसा प्रत्येक गॅलन इंधनावरच्या एक दशांश सेंट करातून येतो. जुन्या टाक्या सुधारा, बदला किंवा रीतसर बंद करा, यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही शेवटची तारीख होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा नियम बंद करण्याचा आहे. टाकी कायमची बंद करायची तर ३० दिवस आधी कळवावे लागते, ती रिकामी करून धुवावी लागते, काढावी किंवा निष्क्रिय पदार्थाने भरावी लागते आणि काम पूर्ण करण्याआधी जागेवर गळती झाली होती का, हे तपासावे लागते. आजवर तिथे साडेपाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या बहुतेक साफ झाल्या. अमेरिकेच्या टाक्या आपल्यापेक्षा वाईट होत्या म्हणून हा आकडा आला नाही. त्यांनी शोधले, म्हणून सापडले.

न शोधण्याची किंमतही तिथेच दिसते. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला १९९६ मध्ये आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई हे रसायन गळक्या टाक्या आणि पाइपांतून तिथपर्यंत पोहोचले होते. शहराचे सुमारे निम्मे पाणी गेले. शुद्धीकरण केंद्र उभारून मुख्य विहिरी पुन्हा सुरू व्हायला जवळपास १५ वर्षे लागली. आमच्या गावाकडे तसा पैसा नाही आणि तेवढा वेळही नाही.

आपल्या देशातही २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात घरांच्या बोअरमधून पाण्याबरोबर पेट्रोलियम येऊ लागले होते. ती गळती टाकीची नव्हती, जमिनीखालच्या तेलवाहिनीची होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादासमोर गेले. तिथेही बाटलीत पाणी भरून दाखवणारे पहिले लोक रहिवासीच होते.

कायद्याचा पाया आपल्याकडे नाही असे नाही. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या विहिरी रसायनांनी नासल्या, तेव्हा १९९६ च्या निकालात न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च द्यायचा हे तत्त्व लागू केले. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यानुसार संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने करायची आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज असेल तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. खर्च जबाबदार व्यक्तीचा. पण या सगळ्याची सुरुवात यादीपासून होते, आणि यादीत नाव घालायचे ते नगरपालिकेने. तिच्याच कागदात तिथे पंप होता याची नोंद नसेल, तर नाव येणार कुठून?

परवान्यांची व्यवस्था आहे, पण तिची नजर वेगळीकडे आहे. पेट्रोलियमचा कायदा १९३४ चा आहे आणि तो पाहणाऱ्या संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तिच्या नावातच पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा हे शब्द आहेत. आग लागू नये, स्फोट होऊ नये, ही तिची पहिली काळजी आणि ती योग्यच आहे. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालये आणि निवासी भागापासून ५० मीटर अंतराची मार्गदर्शक सूचना दिली. तेही चांगले झाले. पण जुन्या पंपाच्या जागेवर निवासी इमारतच उभी राहत असेल, तर ते अंतर कुठून मोजायचे?

मामूंचा फ्लॅट

आता अवघड भाग. त्या इमारतीत माझ्या मामूंनी फ्लॅट बुक केला आहे. गावातली जमीन विकून, आयुष्यभराची शिल्लक घालून. लॅबचा दुसरा अहवाल घेऊन मी घरी आलो तेव्हा ते म्हणाले, "तुला पुण्यात काय जातंय? उद्या भाव पडला तर बिल्डर मला पैसे परत देणार आहे का? आपल्या लोकांना चांगल्या रस्त्यावर घर मिळायची आधीच मारामार. एक मिळालं तर तूच त्यात माती कालव."

हे मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. खरे सांगायचे तर तो अहवाल जवळपास दोन महिने माझ्या बॅगेत पडून होता. कमिटीला मी एवढेच सांगितले की बोअरचे पाणी पिऊ नका, नळाचे वापरा. का, ते नीट सांगितले नाही. त्या दोन महिन्यांत लाँड्रीवाल्यांच्या घरी तेच पाणी स्वयंपाकाला वापरले जात होते. त्यांची दोन लहान मुले आहेत. ही माझी चूक होती आणि ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अशी गप्प बसण्याची कारणे प्रत्येकाकडे असतात. लाँड्रीवाल्यांना गिऱ्हाइकाची, मामूंना भावाची, मला घरातल्या शांततेची. कार्यालयाला तर अभिलेखाचे कारण कायमच असते.

पण गप्प बसून मामूंचे घर वाचत नाही. माती दूषित असेल तर ती फ्लॅटची चावी हातात आल्यावरही दूषितच राहणार. आज खड्डा उघडा आहे, आज तपासणी सोपी आहे आणि माती काढून नेणेही शक्य आहे. पाच मजले चढल्यावर तीच तपासणी कितीतरी महाग होईल आणि सफाई जवळजवळ अशक्य. तपासणीचा खर्च पाच मजली इमारतीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. तो जमीन विकणाऱ्याने आणि बांधणाऱ्याने करायचा की फ्लॅट घेणाऱ्याने आपल्या तब्येतीतून भरायचा, एवढाच प्रश्न आहे.

आणि सगळ्यांत आधी नुकसान होते त्यांचे, ज्यांचा कुणी विचारच करत नाही. खड्ड्यात उतरून खोदणारे मजूर त्या वाफा दिवसभर श्वासात घेतात. खोदलेला मुरूम भराव म्हणून विकला जातो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी घराच्या जोत्यात जातो. पाया कोरडा ठेवायला मोटार लावून पाणी उपसतात, त्याने आजूबाजूचे भूजल खड्ड्याकडे ओढले जाते आणि उपसलेले पाणी गटारात जाते. एका प्लॉटची गळती अशी गावभर वाटली जाते.

मागण्या मोठ्या नाहीत

एक, प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीतल्या चालू आणि बंद अशा सगळ्या भूमिगत इंधन टाक्यांची यादी करून ती लोकांसाठी खुली ठेवावी. त्यात जुने डेपो आणि कारखान्यांच्या खासगी टाक्याही याव्यात. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, हे एका साध्या तक्त्याचे काम आहे: जागा, वर्षे, टाक्यांची संख्या, काढल्या की राहिल्या, तपासणी झाली की नाही.

दोन, अशा जागेवर बांधकाम परवानगीच्या आधी माती, भूजल आणि मातीतली हवा यांची तपासणी सक्तीची करावी. अहवाल येईपर्यंत खोदलेली माती जागेबाहेर जाऊ नये.

तीन, संशय असलेल्या बोअरवरच्या घरांना आधी नळाचे किंवा टँकरचे पाणी द्यावे, जबाबदारी कुणाची यावरचा वाद त्यानंतर चालू द्यावा.

चार, अहवाल लोकांना समजेल अशा मराठीत, आणि जिथे उर्दू वाचणारे आहेत तिथे उर्दूतही, वॉर्डात लावावा.

सरकारची वाट न पाहता वाचकांनाही काही करता येईल. आपल्या गावात, वॉर्डात बंद पडलेले पंप कुठे होते, हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. तिथे काम केलेल्या माणसांना भेटा. दहा रुपयांचा अर्ज टाका. उत्तर "माहिती नाही" असे आले तरी तो कागद जपून ठेवा, कारण नोंद नसल्याचा तोच पुरावा आहे. पाण्याला वास असेल तर नेहमीच्या पॅकेजवर समाधान मानू नका, बेंझिन आणि त्याच्या जोडीच्या घटकांची तपासणी मागा, काठोकाठ भरलेल्या काचेच्या कुपीत. फ्लॅट घेत असाल तर सात-बारा आणि परवानगीबरोबर एक प्रश्न जास्त विचारा: या जागेवर आधी काय होते?

आमच्याकडे अखेर अर्ज तयार झाला. मशिदीची कमिटी, समोरची गल्ली, दोन्हीकडच्या बायकांचे बचत गट, सगळ्यांच्या सह्या झाल्या. ही जागा संशयित दूषित स्थळांच्या यादीत घ्या आणि तपासणी होईपर्यंत खोदकाम थांबवा, एवढीच मागणी. मामू दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः कागद मागून घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि सही केली. म्हणाले, "राहायचं तर मलाच आहे तिथं."

अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे. खड्डा उघडा आहे आणि पावसाळा जवळ येतोय. एकदा त्यात पाणी भरले की नमुने घेणे अवघड होईल, आणि जे आज एका प्लॉटखाली आहे ते पाण्याबरोबर पुढे निघेल. तपासणी व्हायची असेल तर ती त्याआधी व्हायला हवी.